सीट आपोआप पुढे सरकते

१७ ऑगस्ट, सकाळी ११

गाडी आली. लहान, पाच दारांची, करडी. बायकोला, सरोजाला, लाल हवी होती. लाल हा धोक्याचा रंग. नकार दिला.

शोरूमच्या ड्रायव्हरने खाली पार्किंगमध्ये लावून दिली. तशीच आहे.

मुलगी हरिप्रिया बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. तारीख ऑक्टोबर अखेरची. त्या दिवशी तिला इथून, चेन्नईच्या वेळचेरीहून, अड्यारच्या हॉस्पिटलात मी स्वतः नेणार, हे जेवताना जाहीर केलं. टॅक्सी नाही, ऑटो नाही. एन्नोरच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं सेफ्टी विभागात होतो. माझ्या टेबलावर एकही अपघात झाला नाही. (माझं टेबल हेल्मेट आणि हातमोजे वाटपाचं होतं, हा मुद्दा वेगळा.) लायसन्स पस्तीस वर्षं जुनं आहे, त्यावर एक ओरखडा नाही.

जावई प्राणेश म्हणाला, "सुपर, अप्पा," आणि परत फोनमध्ये बघायला लागला. सरोजा म्हणाली, आधी ती पार्किंगमधून बाहेर तर काढा.

ही वही मराठीत लिहितो. घरात देवनागरी वाचणारा मी एकटा. सरोजा तमिळ वाचते, हरिप्रिया इंग्लिश. तंजावरच्या आमच्या घराण्याची भाषा माझ्यापाशी सुरक्षित आहे. माझी मतंसुद्धा.

१८ ऑगस्ट

मॅन्युअल तीनशे बारा पानांचं आहे. अनुक्रमणिका वाचली. अनुभवी माणसाला तेवढी पुरते.

संकल्प: रोज एक कंट्रोल पक्का करायचा. आज हॉर्न. पहिल्याच दिवशी पूर्ण प्रभुत्व.

१९ ऑगस्ट

आज इंडिकेटर. दांडी खाली ओढली तर वायपर सुरू झाला. वर केली तर आणखी जोरात. पुढे ढकलली तर काचेवर पाणी उडालं. डावा हात वापरला होता, इंडिकेटर उजव्या हाताला आहे. डिझाइन चुकीचं.

वायपर बंद होईना म्हणून इंजिनच बंद केलं. सोसायटीचे सेक्रेटरी नारायणस्वामी जिन्यात उभे होते. गाडी आतून धुताय का, विचारलं. टेस्टिंग चालू आहे, असं उत्तर दिलं.

२१ ऑगस्ट

गाडी चालवली! गेटपर्यंत. चाळीस फूट.

इंजिन मात्र कमकुवत आहे. नुसतं कण्हत होतं. वर जळका वास. शोरूमला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, हँडब्रेक खाली केला आहे ना, सर? इतका बालवाडीचा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. फोन ठेवला.

हँडब्रेक वर होता. पण विचारायची पद्धत चुकीची.

२३ ऑगस्ट

सरोजाने मला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलची बाई बोलावली. नाव अलमेलू. वय तिशीच्या आत. स्कूटरवर येते. मागच्याच गल्लीत राहते, स्वतःचं स्कूल आहे. तिला पहिल्यांदाच सांगून टाकलं की मला शिकायचं नाही, हा फक्त रिफ्रेशर कोर्स आहे. ती म्हणाली, "सरि, सार," म्हणजे बरं, सर. मग डाव्या सीटवर बसली आणि हँडब्रेकवर ठेवलेला हात तासभर उचललाच नाही.

तासभरात "मेदुवा, सार, मेदुवा" एकसष्ट वेळा म्हणाली. सावकाश, सावकाश. मी पहिल्या गिअरमध्येच होतो. यापेक्षा सावकाश म्हणजे उतरून चालणं.

२६ ऑगस्ट

अलमेलूशी तात्त्विक मतभेद. चौकात सरळ जाताना मी तांबड्या त्रिकोणाचं बटन दाबतो, चारही दिवे लुकलुकतात. डावीकडे जायचं तर डावा, उजवीकडे तर उजवा, मग सरळ जायचं तर दोन्ही. साधं लॉजिक. ती म्हणते, ते दिवे गाडी बंद पडली तरच लावायचे. मी विचारलं, अख्खं चेन्नई लावतं त्याचं काय? ती म्हणाली, अख्ख्या चेन्नईला मी नाही शिकवलं, सार.

उद्धट आहे. पण तासाला पैसे घेते म्हटल्यावर ऐकून घेतलं. ती तीनच्या ठोक्याला येते, चारच्या ठोक्याला जाते. एवढी शिस्त मात्र मान्य.

३० ऑगस्ट, दुपारी

पहिला सोलो ड्राइव्ह! अलमेलू तिच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली, पुढचे दोनशे मीटर मी एकटा. (सरोजा मागे होती, पण ती मोजायची नाही.)

तिच्या जागी पुढच्या सीटवर पोन्नी तांदळाची पंचवीस किलोची पिशवी ठेवली. निघालो आणि गाडी किंचाळायला लागली. टिंग टिंग टिंग. ब्रेक तपासला, दारं तपासली, रेडिओ बंद केला. टिंग टिंग चालूच. मागे ऑटोवाले ओरडत होते. इंजिनात गंभीर बिघाड आहे असं मी जाहीर करणार, एवढ्यात सरोजा मागून म्हणाली, "अहो, तांदळाला बेल्ट लावा की."

लावला. आवाज थांबला. तांदूळ सुखरूप घरी.

हे सरोजाला कसं सुचलं, कळत नाही. बायकांना तांदळाचं कळतं, हेच कारण असणार.

२ सप्टेंबर

दोन गोष्टी.

एक. सरोजाने पहाटेचा विष्णुसहस्रनामाचा क्लास लावला. साडेपाच ते साडेसहा. या वयात पाठांतर जड जाईल, असं प्रेमाने सांगितलं. ती म्हणाली, बघू. मी त्या वेळी गच्चीवर डोळे मिटून ध्यानाला बसतो, त्यामुळे कोणाचीच गैरसोय नाही.

दोन. गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट बोटभर नव्हे, चांगली वीतभर पुढे आलेली. उतारामुळे असेल. मागे केली.

५ सप्टेंबर

सीट पुन्हा पुढे! आणि आतला आरसा खाली झुकलेला. मागची काच दिसण्याऐवजी मला माझीच हनुवटी दिसत होती.

पार्किंगला उतार नाही. लेव्हल लावून पाहिलं.

शोरूमला कडक ईमेल: Seat is moving forward automatically during night hours. Mirror also losing strength. उत्तर आलं: सर, घरातलं दुसरं कोणी गाडी चालवतं का? हसू आलं. दुसरं कोण चालवणार? प्राणेश सिरुसेरीच्या ऑफिसला कंपनीच्या बसने जातो आणि हरिप्रियाचं पोट स्टिअरिंगमागे मावणार नाही. झालं, माणसं संपली.

९ सप्टेंबर

मीटर सतरा किलोमीटर जास्त दाखवतो आहे. पेट्रोलचा काटाही खाली. माझा निष्कर्ष: चेन्नईच्या उष्णतेने पेट्रोल उडतं आणि त्याच उष्णतेने मीटर प्रसरण पावतो.

अलमेलूला सांगितलं. तिला एकाएकी खोकला आला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

१२ सप्टेंबर

मॉक ड्रिल क्र. १. शिट्टी, स्टॉपवॉच, वहीत तक्ता. टार्गेट: शिट्टीपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत पंचवीस मिनिटं.

पेशंट म्हणून प्राणेश. कमरेला उशी बांधून बसवला. शिट्टी वाजवली. तेव्हा लक्षात आलं, किल्ली वर राहिली. वर गेलो. खाली येताना किल्लीचं एक बटन दाबलं गेलं; गाडी लॉक आणि पेशंट आत. काच वाजवून त्याला दार उघडायला सांगितलं. त्याने आतून उघडल्याबरोबर अलार्म. बंद करायला किल्लीवरची सगळी बटनं दाबली. डिकी उघडली. अलार्म चालूच. तिन्ही मजले गॅलरीत.

तेवढ्यात सरोजा भाजीची पिशवी घेऊन आली, माझ्या हातातली किल्ली घेतली, एक बटन दाबलं. शांतता.

नशीब. कुठलंतरी बटन दाबलं की कधीतरी लागतंच.

वेळ: पंचवीस मिनिटं. म्हणजे टार्गेट गाठलं, फक्त गाडी पार्किंगमध्येच होती.

हरिप्रिया गॅलरीतून म्हणाली, "अप्पा, मला उबर चालेल." दुर्लक्ष केलं. बोलताना ती हसत नव्हती, हे मात्र पाहिलं. तिला भीती वाटते आहे. पहिलंच बाळ. म्हणूनच मी हवा. तिच्या जन्माच्या वेळी सरोजाला मी हॉस्पिटलात नेऊ शकलो नाही, एन्नोरला शिफ्टवर होतो. संध्याकाळी पोचलो तेव्हा सरोजा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तेव्हापासून तिने कधी विषय काढला नाही. मीही नाही.

१९ सप्टेंबर

पेट्रोल बंकवर गेलो. अलमेलू बाजूला, पण गप्प राहायचं वचन घेतलं होतं. टाकीचं झाकण उघडायची कळ सीटखाली. ओढली. बॉनेट उघडलं. बंकवाला विचारतो, पेट्रोल इथे घालू का, सार? रांगेतल्या लोकांना विनोदाची फार आवड दिसली.

कळ दुसरी होती. दोन्ही कळा शेजारी ठेवणाऱ्या इंजिनिअरला माझ्या खात्यात घेतलं नसतं.

२५ सप्टेंबर

अलमेलू व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवते. "सार, क्लच हळू. सार, आरसा आधी." तिला म्यूट केलं. कोर्सही संपवला. आता मी स्वावलंबी.

२८ सप्टेंबर, सकाळी ७

ध्यानात आज वेगळी एकाग्रता. खालून एका गाडीचा आवाज ऐकू आला. क्लच इतका अलगद सोडला की इंजिन हुं की चूं नाही. गेटचं वळण एका दमात. डोळे न उघडता ओळखलं: कोणीतरी मुरलेला ड्रायव्हर. बहुधा नारायणस्वामींचा भाऊ आला असावा. अशा माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

सीट पुन्हा पुढे. आता तक्रार करणं सोडलं. रोज मागे करतो. व्यायाम होतो.

९ ऑक्टोबर

सरोजा सकाळपासून बाहेर. मैत्रिणीकडे, म्हणाली. दुपारी आली ती मैसूरपाक घेऊन. कशाबद्दल, विचारलं. सहस्रनाम पाठ झालं, म्हणाली. अभिनंदन केलं. तिने माझ्या ताटात एक तुकडा जास्त वाढला आणि उगाच हसत बसली. हरिप्रियाही हसत होती. भक्तीचा आनंद संसर्गजन्य असतो.

११ ऑक्टोबर, आयुधपूजा

गाडीला कुंकू, चंदन, झेंडूची माळ. चारही चाकांखाली लिंबं. आता गाडी पुढे घेऊन ती चिरडायची, म्हणजे वर्षभर दृष्ट लागत नाही. अख्खी सोसायटी जमली होती. मी ऐटीत बसलो, गिअर टाकला, क्लच सोडला.

रिव्हर्स पडला होता.

गाडीचे मागचे सेन्सर पीप पीप करत होते. मला वाटलं, पूजेची घंटा. नारायणस्वामींनी त्यांच्या स्कूटरपुढे ठेवलेला कोहळा गेला. स्कूटर वाचली. बरीचशी.

लिंबं मात्र चिरडली गेली. दिशेबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, सकाळी ८

रेड अलर्ट. अतिवृष्टी येणार. आमची गल्ली दर वर्षी बुडते, म्हणून वेळचेरीचे लोक गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावतात. मी सगळ्यांच्या आधी, पहाटे साडेचारला निघालो. एकटा. फक्त चार वेळा बंद पडली. एका तेल टँकरने हॉर्न वाजवून सलाम केला.

फ्लायओव्हरवर कठड्याला लागून फर्स्ट क्लास जागा मिळाली. हँडब्रेक ओढला. सेफ्टीचा माणूस इथेच थांबत नाही: कोणी मागून धडकू नये म्हणून त्रिकोणाचं बटन दाबून चारही दिवे चालू ठेवले. आता मागे शंभर गाड्या लागल्या तरी लुकलुकणारी एकटी माझीच.

चालत घरी आलो. सरोजा दारात उभी. पाठ झालं तरी क्लासला निघाली होती वाटतं. गाडी कुठे, विचारलं. फ्लायओव्हरवर, म्हटलं. बरं केलंत, म्हणाली. तिने माझं कौतुक केलं त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही.

आता गाडी सुरक्षित, मी सुरक्षित. पावसाने खुशाल यावं.

१५ ऑक्टोबर, दुपारी ४. हॉस्पिटल

वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून लिहितो.

सकाळी दहाला हरिप्रियाला कळा सुरू झाल्या. दोन आठवडे आधी. गल्लीत पोटरीभर पाणी. टॅक्सीच्या ॲपवर फक्त गोल फिरणारं चक्र. अँब्युलन्सला तास लागेल, म्हणाले. मी शिट्टी वाजवली. कोणी लक्ष दिलं नाही. "अकरा मिनिटांत गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर येतो," म्हणालो आणि पाण्यात उतरलो.

फ्लायओव्हरवर पोचलो. माझी गाडी लुकलुकत नव्हती. किल्लीचं बटन दाबलं, दार उघडेना. किल्लीने उघडलं. किल्ली फिरवली. टिक्. पुन्हा फिरवली. टिक्. मग टिकसुद्धा नाही. स्टिअरिंग लॉक असेल म्हणून हलवलं. क्लच दाबला, ब्रेक दाबला, दोन्ही दाबले. एकतीस वर्षांत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. हेल्मेटच्या साइझ आठवल्या.

वीस मिनिटं झाली. फोन वाजत होता, उचलला नाही. काय सांगणार होतो? कठड्यापाशी उभा राहिलो. पाऊस पडत होता म्हणून बरं, चेहरा ओलाच होता.

मग खालून ते आले. हरिप्रिया प्लास्टिकच्या खुर्चीत, एका बाजूने प्राणेश, दुसऱ्या बाजूने नारायणस्वामी. होय, तेच, कोहळ्याचे. सरोजा छत्री धरून. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. फोन लावला. पाच मिनिटांत अलमेलू रेनकोट घालून धावत आली. तिच्या स्कूलची गाडी त्याच रांगेत होती. ती आणून समोर लावली, लाल-काळ्या वायरी जोडल्या.

"काल संध्याकाळी दिवे पाहिले, सार. मेसेज केला होता. बॅटरी जाईल, बंद करा म्हणून."

म्यूट.

इंजिन सुरू झालं. मी दाराकडे वळलो, तर सरोजा आधीच आत बसलेली. सीटखाली हात घातला आणि सीट पुढे घेतली. वीतभर. बरोबर त्या खाचेत. मग आरसा खाली झुकवला.

मी विचारलं, "तू काय करतेस?"

"गाडी चालवते. बसा."

"लायसन्स?"

"पर्समध्ये. बेल्ट लावा."

मी डावीकडे बसलो, बेल्ट लावला. मागे हरिप्रिया प्राणेशचा हात आवळून. सरोजाने क्लच अलगद सोडला. हुं नाही, चूं नाही. तो आवाज मी ओळखला.

काचा आतून धुरकटल्या तेव्हा तिने न बघता एक बटन दाबलं, समोर रस्ता दिसायला लागला. पाणी साचलेल्या ठिकाणी पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. चौकात सरळ गेली. एकही दिवा न लावता. हरिप्रिया ओरडली की सरोजा एवढंच म्हणायची, "झालं ग बाळ, आलंच."

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगा. दोघं सुखरूप.

१६ ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सरोजाला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती कॉफी फुंकत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

यावर युक्तिवाद तयार करायला मला वेळ लागेल.

मग तीच म्हणाली, "हरिप्रियाच्या वेळी मी रिक्षात एकटी होते. तेव्हाच ठरवलं होतं, हिच्या बाळंतपणात कोणाची वाट बघायची नाही." रागाने नाही म्हणाली. साखर मागावी तसं म्हणाली.

मी साखर दिली. अजून काय देणार होतो. थोड्या वेळाने म्हटलं, चांगली चालवतेस. ती म्हणाली, "होय की." एवढंच. पण माझी कॉफी संपेपर्यंत उठली नाही.

शोरूमला ईमेल: Seat complaint may be closed.

१९ ऑक्टोबर, सकाळी ११

बाळ घरी आलं. गाडी अर्थातच सरोजाने चालवली. प्राणेशचे पाय लांब आणि त्याच्या मांडीवर सामान, म्हणून तो पुढे. मी मागे, हरिप्रियाच्या शेजारी, बाळाला घेऊन. वाटेत ड्रायव्हिंगबद्दल तीन सूचना तयार होत्या. पण मी बोललो की बाळ दचकतं. म्हणून अड्यार ते वेळचेरी गप्प. सरोजा म्हणाली, हा मुलगा घराण्यात फार कामाचा निघणार.

या गाडीत मागे पहिल्यांदाच बसलो. हरिप्रियाला गुदमरल्यासारखं झालं म्हणून काच उघडायला बटन शोधलं. बटन नाही. मागच्या दारांना जुन्या बसला असायचं तसं फिरवायचं हँडल आहे. बाळाला एका हातात सांभाळून दुसऱ्याने फिरवलं. काच खाली आली. पहिल्याच प्रयत्नात, कोणालाही न विचारता.

सरोजा पुढून म्हणाली, काच लावा, बाळाला वारा लागेल.

लावली. तीही पहिल्याच प्रयत्नात.